दहा वाक्यं देवळ्याला

नाशिक, १४ सप्टेंबर

ती. नानांना मनीषाचा नमस्कार. साष्टांग घालत नाही, कागदावरसुद्धा तुम्ही पाय मागे घ्याल.

अक्षर ओळखून पाकीट फाडायला निघाला असाल तर एवढं वाचून मग फाडा. मी रडगाणं घेऊन आलेली नाही आणि संघर्षची बाजू मांडायलाही आलेली नाही. दहा वर्षांपूर्वी मी त्याच्याशी लग्न केलं. बौद्धांच्या घरात गेली ती माझी लेक नाही, असं तुम्ही भाऊबंदांसमोर सांगितलंत आणि तेव्हापासून माझ्याशी एक अक्षर बोलला नाहीत. ते तसंच राहू द्या. मला तुमच्याकडून फक्त इंग्रजी व्याकरण पाहिजे.

पेपरात तुम्ही वाचलंच असेल. आमच्यासारख्या जुन्या शिक्षकांनाही आता टीईटी पास करावी लागणार, शिक्षक पात्रता परीक्षा. ठरलेल्या मुदतीत पास झालो नाही तर घरी बसायचं. विंचूरजवळच्या वस्तीशाळेत मी सोळा वर्षं पोरांना शिकवते आहे आणि आता मी शिकवायला पात्र आहे का ते गोल काळे करून ठरणार. नोव्हेंबरात परीक्षा आहे. संघर्षची नोकरी ठेक्यावरची, ती दर मार्चला लोंबकळते. घर माझ्या पगारावर उभं आहे, तेव्हा ही गंमत नाही.

मराठीची मला भीती नाही. गणित जमेल. बालमानसशास्त्र पाठ करीन. इंग्रजीचं पान उघडलं की मात्र हात गार पडतात. खाली रेघ मारलेला शब्द कर्म आहे की पूरक, क्रियापद सकर्मक की अकर्मक की नुसतं जोडणारं, असले प्रश्न. उत्तर शोधायच्या आधी माझा तळहात मिटतो. का मिटतो ते तुम्हाला सांगायला नको. आठवीत तुम्ही आमच्या वर्गावर होतात, आणि मास्तरच्या पोरीला सूट दिली असं कोणी म्हणू नये म्हणून मला निरगुडीची एक छडी सगळ्यांपेक्षा जास्त असायची. घरी जेवायला बसल्यावरसुद्धा तुम्ही विचारायचात, भाकरी खाल्ली, यात खाणं कसलं क्रियापद? उत्तर येईपर्यंत दुसरी भाकरी ताटात पडत नसे.

तर सोबत दहा वाक्यं आहेत. प्रत्येकाखाली मी क्रियापदाची जात आणि कर्म किंवा पूरक लिहिलं आहे. लाल पेनानं तपासा, आत घातलेल्या पाकिटात भरा आणि टाका. माझा पत्ता लिहून तिकीट लावून ठेवलं आहे. तुम्हाला एकही शब्द लिहावा लागणार नाही, म्हणजे तुमचा अबोला शाबूत राहील.

नाही पाठवलंत तरी मी समजून घेईन असं लिहिणार होते. पण नाही समजून घेणार. मला फार भीती वाटते आहे, नाना.

मनीषा

.

नाशिक, ३० सप्टेंबर

ती. नाना,

पाकीट आलं! संघर्षनं ते टेबलावर ठेवलं आणि आमच्या लेकीला, तेजलला घेऊन खाली गेला. मी हात धुतले, पुसले, परत धुतले. आत दहापैकी सहा फुल्या होत्या.

फुल्या बघून मी घाबरले आणि बरंही वाटलं. दहा वर्षांत तुमच्याकडून आलेली ही पहिली वस्तू. अबोला मोडायचा नाही म्हणून तुम्ही शब्द लिहिला नाहीत, पण बाण काढलेत. 'ही केप्ट सायलेंट' या वाक्यात मी सायलेंटला कर्म म्हटलं होतं. तुम्ही सायलेंटपासून मागे 'ही'पर्यंत बाण ओढलात. त्याखालचं 'ही केप्ट द लेटर' मात्र बरोबर, तिथे बाण नाही. मग माझ्या डोक्यात शिरलं. गप्प आहे तो तोच आहे, म्हणून ते पूरक. पत्र वेगळं आहे, म्हणून ते कर्म. आठवीत एवढा मार खाऊन जे कळलं नव्हतं ते एका बाणानं कळलं. वाक्यं मी मुद्दाम निवडली नव्हती हं, गाईडातली होती. रागावला असाल तर गाईडावर रागवा.

आता आमची रोजची तऱ्हा ऐका. सकाळी इथल्या द्वारका चौकात पुलाखाली आम्ही पाच शिक्षक जमतो आणि भाड्याच्या इको गाडीतून शाळांना जातो. पूर्वी गाडीत भाज्यांचे भाव आणि बदल्या असायच्या. आता तृप्ती मॅडम प्रश्न वाचते आणि बाकीचे खिडकीतून बाहेर बघतात. ती पोरगी टीईटी पास होऊनच नोकरीत आली, म्हणून तिला हसायला येतं. गोटीराम सर पन्नाशीचे. परवा त्यांना तिनं विचारलं, द बस अराइव्ह्ड, यात कर्म कोणतं? सर म्हणाले, "मॅडम, बस आली ना? मंग बसा की गुपचूप. कर्म आपलंच फुटकं हाय." सगळे हसले. मग सर चष्मा काढून पुसत राहिले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं आहे, आणि ते शिक्षक आहेत म्हणूनच ठरलं आहे.

मला वर्गात उभं राहायला आता लाज वाटते. तिसरीची पोरं विचारतात, "बाई, तुमचीपन परीक्षा हाय का?" मी हो म्हणते. "नापास झाल्या तं?" असं एकीनं विचारलं तेव्हा मी तिला पाढे म्हणायला लावले.

पुढची दहा सोबत आहेत. थोडी अवघड आहेत.

मनीषा

.

नाशिक, २६ ऑक्टोबर

ती. नाना,

दोनदा पाठवली, दोन्ही वेळा दहापैकी दहा. मी तो कागद दिव्याखाली धरून बघितला, कुठे फुली पुसली आहे का म्हणून. उभ्या जन्मात तुम्ही मला पैकीच्या पैकी दिले नव्हते. बारावीला इंग्रजीत शहाऐंशी पडले तेव्हा उरलेले चौदा कुठे गेले म्हणून विचारलं होतंत. त्यामुळे आनंद झाला खरा, पण खात्री वाटेना.

गाडीत माझा भाव वधारला आहे. गोटीराम सर आता तृप्तीला सोडून मला विचारतात. मीही ऐटीत सांगते, आमचे नाना तपासतात म्हणून. तुम्ही माझ्याशी बोलत नाही हे त्यांना सांगितलेलं नाही.

एक विचारू? पूर्वी तुमची बरोबरची खूण ओळ संपली की तिथे ताठ उभी असायची. आता ती अक्षरांवरच येऊन पडते. एक तर माझ्या नावावर पडली होती. घाई असते का? की माझं बघायचा कंटाळा येतो? कंटाळा आला असेल तर तसं... असू द्या, तुम्ही सांगणार कसं.

भाऊबीजेला शेखर आला होता. दरवर्षीसारखा, घरी नाही, द्वारकेला. मार्केटचं काम आहे असं तुम्हाला सांगून येतो हे तुम्हाला ठाऊक असेलच. पिकअपच्या केबिनमध्ये मी त्याला ओवाळलं, काडी तीनदा विझली, मागून ट्रकवाला हॉर्न मारत होता. तुमचं विचारलं तर म्हणाला, "बरे हायेत. वट्यावरून उतरत नाय फारसे." का म्हटलं तर म्हणे वय झालं. तुमचं आणि वय? पहाटे दोन मैल चालणारा माणूस ओट्यावरून उतरत नाही, हे मला रात्री आठवलं आणि मी उठून पाणी प्यायले. मग मीच मला म्हटलं, गुडघे दुखत असतील.

परीक्षा चार आठवड्यांवर आली. इंग्रजीची भीती कमी झाली आहे, हे लिहितानासुद्धा भीती वाटते.

मनीषा

.

नाशिक, १ नोव्हेंबर

ती. नाना,

आज जास्त लिहीत नाही. सोबत दहा वाक्यं आहेत. ही फक्त नीट बघा. एकदा नाही, दोनदा बघा. चुकलं असेल तर फुली मारा, कागद फाटला तरी चालेल. मला फुल्या हव्या आहेत.

का, ते लिहायचं धाडस होत नाही.

मनीषा

.

नाशिक, १० नोव्हेंबर

प्रिय हर्षाली,

आपण एकमेकींना पाहिलेलं नाही. शेखरचं लग्न झालं तेव्हा मला बोलावणं नव्हतं. तुझा फोन नंबर त्यानं कधी दिला नाही, आणि मीही हट्टानं मागितला नाही. म्हणून हे पत्र तुझ्या नावानं. नाना दुपारी पडले की वाच.

दोन महिने मी नानांना इंग्रजीची वाक्यं पाठवते आहे आणि ते तपासून परत पाठवतात, हे तुला माहीत असेल किंवा नसेल. माझी टीईटी तेवीस तारखेला आहे. नापास झाले तर नोकरी धोक्यात. त्यांनी गेली दोन पत्रं सगळं बरोबर दिलं आणि मी तशीच शिकत गेले. ऑक्टोबरच्या शेवटी गाडीत एक वाक्य निघालं, 'शी मेड मी अ कप ऑफ टी'. मी छातीठोकपणे म्हटलं, कप ऑफ टी हे पूरक. तृप्ती नावाची आमची मैत्रीण हसायला लागली. "मॅडम, पूरक म्हणजे तेच ते. तिनं तुम्हाला राणी केलं तर तुम्ही राणी झालात. तिनं चहा केला तर तुम्ही चहा झालात का?" सगळी गाडी हसली. मी म्हटलं, आमच्या नानांनी हे बरोबर दिलं आहे, पुस्तक चुकत असेल. हर्षाली, मी खरंच असं म्हटलं. घरी येऊन तृप्तीनं माझ्या वहीत लिहून दिलेलं बरोबर उत्तर खोडलं आणि चुकीचं लिहिलं, कारण नाना चुकत नाहीत.

झोप काही लागेना. मग मी एक वाईट काम केलं. त्यांना दहा वाक्यं पाठवली, दहाच्या दहा मुद्दाम चुकवलेली. पहिलंच लिहिलं, 'माय फादर आर अ टीचर'. हे असलं वाक्य मी आठवीत लिहिलं असतं तर माझी वही विहिरीत गेली असती. बापाची परीक्षा घ्यायला बसले होते मी. वाटत होतं, देवळ्याहून नाशिकपर्यंत ओरडतील. खूप ओरडावं असंच वाटत होतं.

परवा पाकीट आलं. दहा बरोबरच्या खुणा. त्यातल्या दोन कोऱ्या जागेवर.

मला खरं सांग. त्यांना दिसत नाही का? की दिसतं पण कळत नाही? यातलं काय झालं असेल याचा विचार करून मी दोन दिवस शाळेत पोरांवर खेकसते आहे. खाली माझा नंबर आहे. आवाज ऐकू जाईल असं वाटलं तर मळ्यात जाऊन कर. परीक्षेचं माझं काय व्हायचं ते होईल, पण हे मला कळलंच पाहिजे.

तुझी नणंद,
मनीषा

.

नाशिक, २४ नोव्हेंबर

ती. नाना,

हे पत्र हर्षाली मोठ्यानं वाचते आहे. हर्षाली, शब्द गाळू नकोस, आणि ते मध्येच उठले तर वाचत वाचत मागे जा.

तिच्यावर रागावू नका. तिनं फोन केला म्हणून मला कळलं की साखरेनं तुमचा डावा डोळा आधीच गेला होता आणि उजव्यातही रक्त उतरलं आहे. नाशिकला मोठ्या डॉक्टरकडे चला म्हटलं की तुम्ही ताट सरकवता. पाकीट आलं की दुपारी अंगणात उन्हात धरून बसता, मग तिच्याकडे लाल पेन मागता. "आमी वाचून दावू का म्हणलं तं अंगावर येत्यात, ताई," असं ती रडत सांगत होती.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी मी आले त्याचं तुम्हाला सगळं माहीत आहे. पण तुम्हाला दिसलं नसेल तेवढं सांगते. फाटकापाशी मी बराच वेळ उभी होते. दहा वर्षांनी त्या अंगणात पाय टाकायचा होता. तुम्ही रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर बसला होतात, पांढरा शर्ट, खिशाला लाल पेन. मी तुमच्या समोर आले, अगदी समोर, आणि तुम्ही माझ्या आरपार रस्त्याकडे बघत राहिलात. पूर्वीही असंच बघायचात, त्यामुळे दिसत नाही की बघायचं नाही ते मला समजेना. नाना म्हणून हाक मारली असती तर तुम्ही उठून आत गेला असतात. म्हणून हाक मारलीच नाही. खालच्या पायरीवर बसले, कागद काढला आणि एकदम पहिलं वाक्य वाचलं. माझा आवाज इतका चिरका झाला होता की मलाच ओळखू आला नाही. तुम्हाला मात्र आला. तुमचा हात काठीवर घट्ट झाला तो मी पाहिला.

दुसरं वाचलं. तिसरं वाचलं. हर्षाली दारात चहाचे कप घेऊन थिजली होती. चौथं तेच चहाचं होतं, आणि मी उत्तर वाचून संपवायच्या आत तुम्ही म्हणालात, "चूक."

दहा वर्षांनी तुम्ही माझ्याशी बोललात, आणि बोललात काय, तर चूक! मी तोंडावर पदर दाबला. तुम्हाला वाटलं असेल मी विचार करते आहे, म्हणून तुम्ही म्हणालात, "परत वाच. काय केलं? चहा. कोणाला? मला. मंग तू आन चहा एक हाय का?" मी नाही म्हटलं. "मंग दोन कर्म झाले. लिही." मी लिहिलं. अक्षर ओलं झालं आहे, अजून वहीत तसंच आहे.

नंतर दीड तास तुम्ही मला जे झोडपलंत, छडीशिवाय झोडपलंत. क्रियापद आधी पकड, मग पुढचं बघ. घाई करू नको. पूरक मागं वळून बघतं, कर्म नाय बघत. अधूनमधून तुम्ही हात पुढे करत होतात आणि मी कागद द्यायची, मग तुम्हाला आठवायचं आणि तुम्ही तो तसाच परत करायचात. मी धीर करून विचारलं, दिसत नव्हतं तर खुणा का केल्या? तुम्ही म्हणालात, "न दिसता फुली मारली असती तं तू बरोबर असलेलं खोडलं असतं." मला तुमचा राग आला होता, तो तिथे अर्धा गेला. थोड्या वेळानं तुम्ही रस्त्याकडेच बघत म्हणालात, "आन फुल्या पाहून पत्र बंद झाले असते." उरलेला तिथे गेला.

माझं नाव तुम्ही एकदाही घेतलं नाहीत. पण ते मागायला मी आले नव्हते.

आता परीक्षेचं, आणि हे मी संघर्षलाही सांगितलेलं नाही.

इंग्रजीचे प्रश्न आले तेव्हा हात गार पडले, पण बोटं चालली. मेड, केप्ट, बिकेम, सगळं तुमच्या आवाजात ऐकून मी गोल काळे केले. वर्गात सगळ्या विशीतल्या पोरी, आणि मधे मी, चष्मा पुसणारी. शेवटची घंटा झाली. आणि नाना, मी उठले. सोळा वर्षं घंटा झाली की मी उठते आणि पहिल्या बाकापासून पेपर गोळा करते. मी उठले, पुढच्या बाकावरच्या मुलीची उत्तरपत्रिका हातात घेतली आणि "हात वर करा, लिहिणं बंद" असं म्हणाले. मोठ्यानं. मागचं कुणीतरी हसलं. सुपरवायझर धावत आला. दुसऱ्याची उत्तरपत्रिका हातात, म्हणजे काय ते तुम्हाला कळतं. मी म्हटलं, सर, मी शिक्षिका आहे, सवयीनं झालं. तो म्हणाला, "शिक्षिका आहात तर नियम माहीत पाहिजेत. वर कळवावं लागेल." त्यानं माझा आणि त्या मुलीचा, दोघींचे बैठक क्रमांक लिहून घेतले. ती मुलगी रडायला लागली. तिचा काही दोष नाही, तिचं नावही मला माहीत नाही.

आता मला पाठ झालेलं व्याकरण उपयोगाचं आहे की नाही कोण जाणे. कळवलं असेल तर परीक्षाच रद्द, पुढे बंदीही येईल, आणि त्या पोरीचंही माझ्यापायी वाटोळं. जिन्यावर पाऊल वाजलं की मला नोटीस आली असं वाटतं. तुम्ही पस्तीस वर्षं परीक्षा घेतल्या. असं कोणी केलं तर तुम्ही कळवलं असतं का? हर्षालीकडून निरोप द्या. हो असेल तर तेही सांगा.

मनीषा

.

नाशिक, १९ जानेवारी

ती. नाना,

निकाल लागला. मी पास. इंग्रजीत तीसपैकी सत्तावीस, उरलेले तीन कुठे गेले ते विचारू नका. गणितात जेमतेम. गोटीराम सर राहिले, थोडक्यात. आज गाडीत त्यांनीच मला पेढा भरवला आणि पुढच्या खेपेला तुमच्याकडे पाठव म्हणाले. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

त्या सुपरवायझरनं कळवलंच नाही असं दिसतं. तुम्ही हर्षालीकडून निरोप दिला होता, "मी कळवलं असतं." तो निरोप घेऊन मी दोन महिने काढले. रोज परीक्षेचं पोर्टल उघडायची. तुम्ही खोटा दिलासा दिला नाहीत याचा मला राग आला होता. आता वाटतं, बरोबर द्यायचं नव्हतं तिथे तुम्ही फुली दिली, म्हणजे आपलं पूर्ववत चाललं आहे.

त्या मुलीचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. ते मनात राहील.

नोकरी वाचली. घरात संघर्षनं खीर केली, तेजल नाचली, आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. त्यांना वाटलं आनंदानं. नाना, मला खरी भीती आता वाटते आहे. निकाल लागेपर्यंत मी दर पंधरा दिवसांनी देवळ्याला येत होते. परीक्षा झाली होती, तरी तुम्ही वाक्यं मागायचात आणि मी आणायची, कारण रद्द झाली तर परत द्यावी लागेल असं आपण दोघांनीही धरलं होतं. आता ते नाही. मी पास झाले. तुमच्या पायरीवर येऊन बसायला माझ्याकडे काही कारण उरलं नाही. तुम्ही मला चूक म्हणालात, परत वाच म्हणालात, घाई करू नको म्हणालात. केव्हा आलीस, असं अजून म्हणाला नाहीत.

तरी येत्या रविवारी मी येते आहे. वाक्यं आणणार नाही. संघर्ष बरोबर असेल आणि तेजल असेल. ती आठ वर्षांची आहे, तुम्ही तिला पाहिलेलं नाही, आणि आता पाहायचं म्हटलं तर उजेडात अगदी जवळ घ्यावं लागेल. दुसऱ्या दिवशी नाशिकला डोळ्याच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे. ती मोडायची असेल तर मला तोंडानं सांगा.

हर्षाली, इथे थांब. पुढचं मनात वाच.

त्यांच्या तोंडाकडे बघ. संघर्षचं नाव वाचलंस तेव्हा काठी हातात घेतली का? उठले का? काही बोलले का? काही न बोलता बसून राहिले असतील तर तेही सांग. मी शाळेत असेन, फोन वर्गातच घेऊन बसेन. लगेच कर.